सामंताची साक्ष

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण नाटक वाचतो. प्रयोग वगैरे काही नाही. टेबलाभोवती बसायचं, भूमिका वाटून घ्यायच्या, एक नाटक तीन-चार रविवार पुरवायचं. नियम एकच. ज्याच्या वाट्याला जे पात्र येईल त्याने त्याच्याबद्दल पानभर टिपण लिहून आणायचं, आणि टिपणातलं प्रत्येक विधान संहितेत बोट ठेवून दाखवायचं.

गेल्या पावसाळ्यात विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेतलं. बेणारे कुणी वाचायची यावर दोन बायकांत थोडी रुसवाफुगवी झाली. सुखात्मे आमच्यातल्या निवृत्त वकिलांनी न विचारताच घेतला. सगळं वाटून झाल्यावर सामंत उरला, तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाकडे गेला. पुढच्या रविवारी बाकीच्यांची टिपणं पानपानभर आणि या पठ्ठ्याची एकच ओळ: 'सामंत: साधा, भोळा, गौण पात्र.'

मी म्हटलं, बोट ठेव. त्याने पुस्तक उघडलं आणि अडकला. त्या अडकण्यातून पुढचे तीन रविवार गेले. त्यांचीच ही हकीकत.

ज्यांनी नाटक पाहून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९६७ मध्ये 'रंगायन' या नाट्यसंस्थेने हे नाटक रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे यांची. मुंबईची एक हौशी मंडळी गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करत हिंडते. त्या रात्रीच्या प्रयोगात खटला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर आहे, आरोप अण्वस्त्रांचा. दुपारी मंडळी एका गावातल्या सभागृहात येऊन थडकते. वेळ मोकळा आहे. एक नट आजारी, त्याच्या जागी स्थानिक माणूस चौथा साक्षीदार म्हणून उभा करायचाय. तो सामंत. त्याने कोर्ट कधी पाहिलेलं नाही, म्हणून त्याला समजावं यासाठी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचं ठरतं. आरोपी म्हणून निवडतात लीला बेणारेला, शाळेत शिकवणारी, तिशी ओलांडलेली, अविवाहित. आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे एकटाच दोन्ही बाजूंचा वकील. गंमत बघता बघता खऱ्यावर येते. बेणारे गरोदर आहे, मंडळातलेच प्रा. दामले त्याला कारण आहेत, ते बायकोमुलांचे धनी आहेत आणि त्या दिवशी आलेलेच नाहीत, हे सगळं एकेका साक्षीतून बाहेर ओढलं जातं.

आता सामंताकडे. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर दोनच माणसं येतात, तो आणि बेणारे. बाकीचे अजून स्टेशनवरून यायचेत. बेणारेचं बोट दाराच्या कडीत सापडलेलं असतं. ही कडीच तशी आहे, नीट सरकवली नाही तर बाहेरून अडकते आणि आतला माणूस आत राहतो, हे सामंतच सांगतो. पुढे बेणारे उठून बाहेर जाऊ पाहते तेव्हा दार याच कडीने बंद झालेलं असतं. म्हणजे सापळा कसा मिटतो हे नाटकाला पहिल्या काही मिनिटांत सामंताच्या तोंडून कळलेलं असतं. आमच्या मुलाने ही जागा सापडल्यावर लाल पेनाने दोनदा अधोरेखित केली. पुस्तक वाचनालयाचं आहे याची मी त्याला आठवण करून दिली.

पहिल्या प्रवेशात आणखीही काही आहे. बेणारे या माणसाशी जशी बोलते तशी साऱ्या नाटकात दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. बाकीच्यांशी तिच्या जिभेला धार असते. सगळ्यांच्या नकला करून झाल्यावर ती सामंताकडे मात्र मोकळी हसते, त्याच्या घरची चौकशी करते, लग्न का नाही केलं विचारते. त्याच्या बोलण्यात संकोच आहे, आढ्यता नाही. भावाच्या मुलासाठी त्याने एक हिरवा कापडी पोपट घेतलाय. जादूच्या, मोहिनीविद्येच्या प्रयोगांचा त्याला भारी शौक. सामंताचं सगळं चरित्र एवढंच. म्हटलं तर क्षुल्लक. पण जादूचे खेळ आवडीने बघणारा माणूस म्हणजे तिकीट काढून स्वतःला फसवून घ्यायला बसणारा माणूस. तो उत्तम प्रेक्षक आहे. तेंडुलकरांनी मुंबईच्या सहा-सात मुरलेल्या नटांत एक प्रेक्षक नेऊन बसवलाय, आणि दुसऱ्या अंकात त्याच प्रेक्षकाला साक्षीला बोलावलंय.

ही साक्ष आम्ही चार वेळा वाचली. मंडळातला रोकडे घाबरत, अडखळत सांगतो की संध्याकाळी तो दामल्यांकडे गेला तेव्हा बेणारे तिथे होती. सुखात्मेला यापुढचं हवं असतं. इथे सामंत पुढे होतो. त्याला कुणी ओढून आणत नाही. इतका वेळ कडेला बसून त्याला खेळाची लय समजली आहे, आणि शाळेत बराच वेळ बोट वर करून बसलेल्या मुलाच्या उत्साहाने तो साक्षीदाराच्या जागी येतो. रोकडे गेल्यावर अर्ध्या तासाने आपण दामल्यांच्या दाराशी पोचलो, आतून बाईच्या रडण्याचा आवाज आला, या अवस्थेत मला सोडून दिलंस तर मी जाऊ कुठे असं ती म्हणत होती, तो झिडकारत होता, मग ती विष घेण्याच्या गोष्टी बोलू लागली, असं तो सांगतो. सगळं मनचं. मनचंही नाही खरं तर. हातातल्या एका करमणुकीच्या कादंबरीतून उचललेलं.

आणि ते सगळं खरं निघतं.

पहिल्या वाचनाला इथे हशा झाला, कारण आमच्या मुलाने सामंत विनोदी केला होता. डोळे मिचकावत, मधूनच पुस्तकात डोकावत. बेणारे वाचणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. तिने उठून हे खोटं आहे म्हणायचं असतं, त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला कसं कळलं?"

मला हा त्या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. उत्तर सोपं वाटतं: योगायोग. नाटककाराची सोय. मी स्वतः पंचवीस वर्षं ही जागा सोय म्हणूनच वाचत आलो होतो, किंचित नाराजीने. एवढ्या घट्ट विणलेल्या नाटकात हा एक टाका सैल का सोडला, असं वाटायचं.

मग एक प्रयोग केला. ज्यांनी नाटक अजून पुढे वाचलं नव्हतं असे तीन जण होते, शिवाय वाचनालयात पेपर वाचायला येणारे चार-पाच नेहमीचे लोक. त्यांना मी फक्त इतकंच दिलं: एक अविवाहित शिक्षिका, एक संसारी प्राध्यापक, संध्याकाळची वेळ, बंद दार. पुढे काय? दोन मिनिटं. आठ जणांनी गोष्ट सांगितली आणि आठांचीही एकच निघाली. तिला दिवस गेलेत, तो हात वर करतो, ती जीव द्यायला निघते. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी विहीर घातली. बाकी सगळ्यांनी विष. एका काकूंनी तर शेवटी तिला गावाकडच्या मावशीकडे पाठवून बाळंत केलं आणि बाळ देवळाच्या पायरीवर ठेवलं.

म्हणजे सामंताला काही कळलेलं नव्हतं. कळण्याची गरजच नव्हती. ही गोष्ट आपल्याकडे शिजवून ठेवलेली आहे. कीर्तनात आहे, कथा-कादंबऱ्यांत आहे, ओट्यावरच्या कुजबुजीत आहे. माणसं बदलतात, साचा तोच. रोकडेपाशी निरीक्षण होतं पण त्याला धागा नव्हता. सामंताने धागा पुरवला. त्यानंतर मंडळातलाच पोंक्षे सांगतो की बेणारे हॉटेलात भेटली तेव्हा तिच्या पर्समधून टिक-ट्वेंटीची बाटली पडली. ढेकणांचं औषध. ऐन वेळी ती बाटली विष होते, कारण विषाची जागा सामंताने आधीच मोकळी करून ठेवली आहे. बेणारेला गुन्हेगार ठरवायला त्या कोर्टाला पुरावा नको होता, कथानक हवं होतं. ते एका पापभीरू माणसाने, कुणाचंही वाईट न चिंतता, उसनं आणून दिलं.

आमच्या वकिलांना हे सगळं 'फार मास्तरी' वाटलं. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. काशीकर खटला उभा करतो तो भारतीय दंड संहितेच्या ३०२ कलमाखाली. वकिलांचं म्हणणं, हे कलम खुनाचं. गर्भपात घडवून आणण्याचा गुन्हा ३१२ मध्ये. (आता दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, खुनाचं कलम १०३ झालं, हेही त्यांनी ऐकवलंच.) मग काशीकर ३०२ का म्हणतो? कारण खून म्हटलं की ३०२ एवढं सिनेमे पाहून कुणालाही ठाऊक असतं. वकील म्हणाले, "हा न्यायाधीशही सामंतासारखाच. यानेही कलम कादंबरीतूनच उचललंय."

हे बोलून ते स्वतःच चमकले. मग त्यांनी दुसरी एक जागा दाखवली, जी माझ्या इतक्या वाचनांत नुसती डोळ्यांखालून गेली होती. भ्रूणहत्येचा आरोप ठेवलेलं हे कोर्ट शेवटी शिक्षा काय देतं? आरोपी जिवंत राहील, पण तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. आरोप ज्या कृत्याचा, शिक्षाही त्याच कृत्याची. वकील टेबलावर हात आपटून म्हणाले की असा निकाल पहिल्या अपिलात टिकला नसता. मग हसले.

या निकालामागचा काळही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. गर्भपाताच्या कायद्याचा फेरविचार करायला केंद्र सरकारने १९६४ मध्ये शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, कायदा झाला १९७१ मध्ये, आणि तो लागू व्हायला १ एप्रिल १९७२ उजाडला. म्हणजे हे नाटक रंगमंचावर आलं तेव्हा अहवाल सरकारदरबारी पडून होता आणि बेणारेपुढे कायदेशीर वाट एकही नव्हती. मूल ठेवावं तर नोकरी जाते, ती जाणार हे नाटकातच ठरून गेलेलं आहे. न ठेवावं तर ३१२. तिला मूल हवंय, आणि त्याला बापाचं नाव मिळावं म्हणून ती एकेका पुरुषाला लग्नाचं विचारत फिरली आहे, पोंक्षेला, रोकडेलाही. काशीकरांचं कोर्ट तिला एकाच वेळी दोन्ही बाजूंनी कोंडतं, आणि त्याच तोंडाने बालविवाह परत सुरू करायला हवेत, आगरकर-कर्व्यांनी समाज बिघडवला, असंही ऐकवतं. सुधारणेच्या नावाने गावोगाव कोर्टाचे खेळ करणारी ही मंडळी. या विसंगतीवर वर्गात पुष्कळ बोलून होतं, म्हणून मी तिच्यावर फार थांबत नाही.

इथे एक तुलना मला करावीशी वाटते, जरी आमच्या गटात ती कुणाला फारशी रुचली नाही. स्विस लेखक फ्रिडरिश ड्युरेनमाटची १९५६ ची एक कथा आहे, 'डी पान', म्हणजे गाडी बंद पडणं. एका फिरत्या विक्रेत्याची गाडी बिघडते, रात्री तो एका निवृत्त न्यायाधीशाकडे मुक्काम करतो, तिथे न्यायाधीशाचे म्हातारे मित्र जमलेले असतात, एक माजी सरकारी वकील, एक बचावाचा वकील. जेवता जेवता खेळ म्हणून पाहुण्यावर खटला चालवतात. खेळाची कल्पना सारखी. पण तिथला आरोपी खुलत जातो. आपल्या सामान्य आयुष्यात खुनासारखं काही भव्य सापडलं याचा त्याला अभिमान वाटू लागतो आणि तो गुन्हा आपणहून कबूल करतो. कथेच्या शेवटी गळफास घेतो तोही स्वतःच्या हाताने. त्याला आपली गोष्ट कुणीतरी नीट जुळवून दिली याचा आनंद आहे. बेणारेचं उलट. तिची गोष्ट दुसऱ्यांनी जुळवून दिली याचीच तिला शिसारी आहे. आणि ड्युरेनमाटच्या त्या मेजावर सामंत नाही. तिथे सगळे कायद्यातले लोक आहेत, बाहेरचा असा फक्त आरोपी. तेंडुलकरांनी एक बाहेरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवला, हे मला या नाटकाचं अगदी स्वतःचं वाटतं.

तिसऱ्या रविवारी स्वगतापर्यंत पोचलो. बेणारेचं स्वगत म्हटलं की मराठी नट्यांचे डोळे चमकतात. आमच्या बाईंनी ते दोन आठवडे घरी घोकलं होतं आणि छान वाचलं. नंतर सगळे गप्प. मला मात्र एक बारीकशी तक्रार आहे, ती इथे नोंदवून टाकतो. त्या स्वगताची भाषा काही ठिकाणी फुगते. 'जीवन' या शब्दावर ती ज्या तऱ्हेने खेळते त्यात तिच्या एरवीच्या टोकदार बोलण्याचा मागमूस नसतो. पूर्वी मी याला दोष म्हणायचो. आता वाटतं, ज्या पुस्तकांनी सामंताला साक्ष पुरवली तीच पुस्तकं बेणारेनेही वाचली असणार. स्वतःची व्यथा सांगायला तिला तरी दुसरी कुठली भाषा मिळणार होती? कोवळ्या वयात जीव जडला त्या मामाची हकीकत सांगताना, दामल्यांबद्दल बोलताना ती मध्येच फुलोरा टाकून साधं बोलते, तिथे अंगावर काटा येतो. लेखकाने हे जाणून केलं की नाही या वादात मला रस नाही. वाचताना ते दिसतं, एवढं पुरे.

पण आमच्या मुलाचा प्रश्न निराळाच होता. "ती एवढं बोलते तेव्हा सामंत काय करतो?"

सगळ्यांनी पुस्तकं चाळली. काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. ती काही बोलत नाही. मग प्रकाश बदलतो, बाकीची सगळी पात्रं जिथल्या तिथे थिजतात, आणि मग ती बोलू लागते. पानंच्या पानं. बोलून संपतं, प्रकाश पूर्ववत होतो, आणि कोर्ट पुढे सरकतं, जणू ते दहा सेकंद आरोपी नुसती गप्प उभी होती. म्हणजे तिचं स्वगत फक्त आपण ऐकतो. काशीकरने ऐकलेलं नाही, सुखात्मेने नाही.

"मग सामंतानेही नाही," मुलगा म्हणाला.

नाहीच. तोही थिजलेल्यांतच आहे.

हे लक्षात आल्यावर शेवटचा प्रवेश आम्हाला पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला. आठवत असेल: निकाल होतो, बाहेर दारावर थाप पडते, प्रेक्षक जमू लागलेत. क्षणात सगळे पुन्हा हौशी नट होतात. रंगरंगोटीची घाई. अहो बाई, खेळच होता तो, मनाला काय लावून घ्यायचं, असं बेणारेला समजावून एकेक जण आत सटकतो. ती पडून आहे, हलत नाही. मागे उरतो सामंत. त्याला काय करावं कळत नाही. तिच्यापर्यंत जातो, डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो, धीर होत नाही. शेवटी पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. मग कुठूनसे तिचेच सूर ऐकू येतात. चिमणीला मग पोपट बोले, का गं तुझे डोळे ओले.

या जागेचं रूढ वाचन असं: सामंताला पश्चात्ताप झाला, तिची कहाणी ऐकून त्याच्यातला माणूस जागा झाला, नाटकातली एकमेव सहृदय कृती. त्या मुलाच्या प्रश्नाने हे वाचन पार मोडलं. कहाणी त्याने ऐकलेलीच नाही. त्याच्यापाशी जी माहिती आहे ती कोर्टात निघालेली, काशीकर-सुखात्मेच्या शब्दांतली. त्या माहितीप्रमाणे ही बाई दोषी आहे. आपल्या साक्षीने काय केलं हेही त्याला उमगलं असेल असं दाखवणारं एक वाक्य नाटकात नाही, आम्ही सगळ्यांनी शोधलं. पोपट ठेवण्यामागे पश्चात्ताप असेलच असं नाही. समोर कुणीतरी पडलंय, रडतंय, आपल्या हातात खेळणं आहे. लहान मूल पडलं तर शेजारचं मूल जे करील तेच तो करतो.

मला हा सामंत आधीच्या पश्चात्तापी सामंतापेक्षा जास्त खरा वाटतो, आणि जास्त भीतीदायकही. भीती अशासाठी की हाच माणूस उद्या दुसऱ्या सभागृहात तितक्याच हौसेने दुसरी साक्ष देईल आणि तितक्याच कनवाळूपणे दुसरा पोपट ठेवून येईल. आमच्या काकूंना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या मते एवढ्या लोकांत एकच माणूस थांबला, त्याचंही आम्ही पोस्टमॉर्टेम करतोय. "थांबला ना तो? बाकीचे थांबले का?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. थांबला, हे खरंच आहे.

पोपटावर मात्र आमचं एकमत झालं, आणि ते काकूंमुळेच. त्या म्हणाल्या, पोपट दोन कामं करतो. एक, ऐकलेलं जसंच्या तसं बोलतो, त्यालाच पोपटपंची म्हणतात. सामंताची साक्ष ती हीच. दुसरं, त्या गाण्यातला पोपट. तिथे चिमणीचं घरटं कुणीतरी नेलंय. कावळ्याला विचारलं तर तो हात झटकतो, तुझ्या घरट्याशी माझा काय संबंध. पोपट मात्र विचारतो, का गं रडतेस. नाटकभर हा प्रश्न बेणारेला एकाही माणसाने विचारलेला नाही. तिला शेकडो प्रश्न विचारले गेले, वय काय, लग्न का नाही, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. का रडतेस हा एक सोडून. सामंतालाही तो विचारता येत नाही. तो खेळण्यातला पोपट ठेवतो, आणि प्रश्न गाण्यातून येतो, तोही तिच्याच आवाजात. विचारणाराही शेवटी तीच.

बोलणाऱ्या काकू चाळीस वर्षं बालवाडीत शिकवत होत्या. हे गाणं त्यांनी किती मुलांना शिकवलं असेल याचा हिशेब नाही. बोलून झाल्यावर त्या डबा उघडून सगळ्यांना चकल्या वाटायला लागल्या.

मुलाचं टिपण चौथ्या रविवारी नव्याने लिहून आलं. आता ते साडेतीन पानं होतं आणि 'भोळा' हा शब्द त्यात राहिला होता, फक्त 'गौण' खोडलेला. मला वाटतं ते बरोबर होतं. सामंत भोळा आहेच. पात्राचं विश्लेषण करताना आपण विशेषण शोधतो आणि सापडलं की थांबतो. त्याने पुढे तीन स्तंभ आखले होते: सामंताला कधी काय ठाऊक आहे, त्याला काय हवंय, आणि संधी मिळाल्यावर तो काय करतो. पहिला स्तंभ जवळजवळ कोरा. दुसऱ्यात प्रत्येक प्रवेशापुढे एकच शब्द लिहिला होता, 'सामील'. त्याला त्यांच्यातला एक व्हायचंय. मुंबईची मंडळी, कोर्ट, वकिली भाषा, त्यात आपल्याला एक खुर्ची मिळालीय. तिसरा स्तंभ गच्च भरलेला. हीच पद्धत नंतर आम्ही काशीकरबाईंना लावली, आणि मूल नसलेल्या, गजऱ्यावर खूश होणाऱ्या त्या बाईचं बेणारेवरचं तुटून पडणं एकदम निराळं दिसू लागलं. पण ते पुन्हा कधी.

शेवटचं वाचन संपूर्ण केलं, उभं राहून, थोड्याफार हालचालींसह. कापडी पोपट कुठून आणायचा म्हणून काकूंनी हिरवा हातरुमाल दिला. अडचण आली ती पुस्तकाची. साक्षीच्या वेळी सामंताच्या हातात कादंबरी आहे. शेवटच्या क्षणी तो पोपट ठेवतो तेव्हा ती कुठे असते? संहिता चाळून आमच्या हाती काही लागलं नाही. वकिलांचं मत पडलं की ती साक्षीदाराच्या खुर्चीवर राहू द्यावी, दिवे जाईपर्यंत प्रेक्षकांना दिसली पाहिजे. बेणारे वाचणाऱ्या बाईंना ती जमिनीवर पडलेली हवी होती, पानं उघडी. मलाही ते आवडलं होतं, जरा नाटकी असलं तरी.

मुलाने दोन्ही करून पाहिलं आणि त्याला जमेना. मग त्याने रुमाल बाईंच्या कोपराजवळ ठेवला, चार पावलं गेला, परत फिरला, खुर्चीवरून पुस्तक उचललं, काखेत मारलं आणि दाराकडे निघाला.

मी विचारलं, हे का?

तो म्हणाला, "लायब्ररीचं असेल ना सर. परत द्यायला लागेल."